तिसरं बाळ पोटात, आणि अंग खाली येतंय

(बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका गावातून आलेलं पत्र चार पानांचं आहे. ओळख पटेल असं सगळं गाळून थोडक्यात देते. बाईंचं वय ३४. दोन मुलं, दोन्ही साधी बाळंतपणं. दुसरं पाच वर्षांपूर्वीचं, बाळ पावणेचार किलोचं, कळा देण्यात दोन तास गेले. पुढं काही महिन्यांनी अंघोळीच्या वेळी हाताला काहीतरी मऊ लागलं. दिवसभर काम झालं की संध्याकाळी खाली ओढ लागते, आडवं झालं की ते आत जातं. आता तिसऱ्यांदा दिवस गेलेत, बावीस आठवडे झालेत. नवरा गोव्यात कंपनीत, पंधरा दिवसांनी घरी येतो. घरात सासूबाई, दोन मुलं, दोन म्हशी, थोडी भातशेती. नळाला पाणी चार दिवसांनी, सगळं बिंदगीनं, म्हणजे घागरीनं, भरायचं. धीर करून सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "आमाला बी हाय की. फडकं बांधायचं नि काम करायचं." शेजारीण म्हणाली, बाळ खाली पडंल, टाका घालून घे. लघवीला सारखं जावं लागतं म्हणून बाईंनी पाणीच कमी केलंय. दवाखान्यातले डॉक्टर कन्नड बोलतात, त्यांना 'असलं' कसं सांगायचं हा संकोच. त्या विचारतात: बाळाला धोका आहे का? सिझर मागून घ्यावं का? बाळंतपणातच पिशवी काढून टाकता येईल का? पत्राची शेवटची ओळ अशी: "दुसऱ्या वेळी पंधराव्या दिवशी बिंदगी उचलली, त्याचं हे फळ. चूक माझीच.")

ताई,

तीन प्रश्न तुम्ही विचारलेत आणि वर एक कबुली दिलीत. कबुलीपासून सुरुवात करते, कारण ती खोटी आहे.

पंधराव्या दिवशी बिंदगी उचलायला नको होती, हे खरं. पण अंग खाली आलं ते एका बिंदगीनं नाही. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते, पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत बांधलेली. लघवीची पिशवी, गर्भाची पिशवी आणि आतड्याचं शेवटचं टोक या झोळीवर टेकलेलं असतं आणि बाजूच्या बंधांनी टांगलेलंही असतं. बाळ बाहेर येताना ही झोळी भयंकर ताणली जाते. कधी तिचा एखादा काठ हाडापासून सुटतो. मग वरचं खाली सरकतं, त्यालाच अंग खाली येणं म्हणतात. पावणेचार किलोचं बाळ, दोन तासांच्या कळा, आणि आई-आजीकडून आलेली शरीराची वीणच थोडी सैल असेल तर तीही. यातलं काय तुमच्या हातात होतं? बिंदगी आली सगळ्यांत शेवटी. आणि बाळंतिणीच्या कमरेवर पंधराव्या दिवशी ती दिली कुणी, हे तुम्ही पत्रात कुठं विचारलेलं नाही. मी विचारून ठेवते, पुढं लागेल.

आता बाळाचं. शेजारणीला सांगा, बाळ पडत नाही. पिशवी खाली सरकणं आणि पिशवीचं तोंड वेळेआधी उघडणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ती म्हणते तो टाका दुसऱ्या दुखण्याचा. पिशवीचं तोंड सैल पडून चौथ्या-पाचव्या महिन्यात मूल जातं, अशा बाईला तो घालतात. मूळच्या गोव्याच्या आणि मुंबईत नाव काढलेल्या डॉ. वि. ना. शिरोडकरांनी १९५५ साली तो जगापुढं मांडला, म्हणून त्याला शिरोडकर टाका म्हणतात. तुमचं तोंड घट्ट मिटलेलं असेल तर टाक्याचं काही काम नाही, आणि टाका घातल्यानं अंग वर जात नाही.

गरोदरपणात गर्भाची पिशवीच बाहेर येणं दुर्मीळ आहे. दहा ते पंधरा हजार बाळंतपणांत एक, असा आकडा वैद्यकाच्या पुस्तकांत दिलेला असतो. थोडंसं खाली उतरणं मात्र दोन-तीन मुलं झालेल्या बायकांत घरोघरी आहे. शिवाय निसर्गानं इथं तुमच्या बाजूनं एक गोष्ट केली आहे. पहिले तीन महिने पिशवी ओटीपोटातच असते, तेव्हा ओढ जास्त जाणवते. त्यानंतर ती वाढत वाढत पोटात चढते आणि आपलं तोंडही वर ओढून घेते. बावीस आठवड्यांना तिचा वरचा काठ बेंबीपाशी पोचलेला असतो. त्यामुळं आता संध्याकाळी तुमच्या हाताला लागतं ती गर्भाची पिशवी नसेलही. पुढच्या भिंतीतून लघवीची पिशवी डोकावत असेल, किंवा मागच्या भिंतीतून आतडं, किंवा लांबलेलं पिशवीचं तोंड. बाहेरून तुम्हाला तिन्ही सारखंच लागणार, पण उपाय वेगवेगळे आहेत. हे पत्रावरून मला कळणार नाही आणि फडकं बांधून तुम्हालाही कळणार नाही. तपासावंच लागतं.

धोका अजिबात नाही असं म्हणून तुम्हाला खोटं बरं वाटायला लावत नाही. अंग फार बाहेर राहिलं, घासून त्याला जखम झाली, सूज आली, लघवी अडकून जंतू वाढले, तर दिवस भरण्याआधी कळा सुरू होऊ शकतात. हे होतं ते बहुतेक दुर्लक्षानं, आणि म्हणूनच तुम्ही पाणी कमी केलंत ते मला बिंदगीपेक्षा जास्त टोचलं. पाणी कमी प्यायल्यानं लघवीच्या फेऱ्या फारशा कमी होत नाहीत, उलट ती गडद होऊन जळजळते, जंतूंना फावतं, आणि मलावरोध होतो तो वेगळाच. दिवसाला आठ-दहा पेले पाणी पोटात गेलंच पाहिजे. रात्रीच्या फेऱ्या चुकवायच्या तर जास्त पाणी दिवसा प्या, सांजवेळेनंतर थोडं हात आखडा. लघवी झाल्यावर लगेच उठू नका. जरा पुढं वाका, क्षणभर थांबा, पुन्हा प्रयत्न करा. लघवीच्या पिशवीत राहिलेलं बरंचसं उतरतं.

दवाखान्यात कसं सांगायचं, यावर तुमच्या पत्राचं एक अख्खं पान गेलंय, तर मीही थोडी रेंगाळते. मी तीसेक वर्षं प्रसूतिकक्षात सिस्टर होते. बायका ताप सांगतात, कंबर सांगतात, पांढरं जातं हेसुद्धा कुजबुजत सांगतात. अंग बाहेर येतं हे सांगत नाहीत. डॉक्टरांना ते दिसतं तेव्हाच कळतं, तेही टेबलावर, कळा सुरू असताना. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायका तपासल्या आणि १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं. शंभरातल्या ९२ बायकांना स्त्रीरोगाचा कुठला ना कुठला त्रास होता. आधी कधी तपासणी झालेल्या फक्त ८. गडचिरोली लांब आहे, पण ही सवय आपल्याकडंही तीच.

भाषेचं म्हणाल तर सीमाप्रश्नाचा खटला २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. तुमच्या प्रश्नाला तेवढा वेळ नाही. एक शब्द पाठ करा: 'प्रोलॅप्स'. डॉक्टर कन्नड असोत, तेलुगू असोत, तो कळतो. कन्नडमध्येच सांगायचं तर "नन्न गर्भकोश केळगे जारिदे" एवढं पुरे, माझी पिशवी खाली सरकली आहे. बोलवतच नसेल तर चिठ्ठीवर लिहून न्या आणि चिठ्ठी पुढं सरकवा. मी कित्येकींच्या अशा चिठ्ठ्या वाचल्यात. त्यात लिहायचं ते असं: कधीपासून, किती बाहेर येतं (बोटाचं एक पेर, दोन पेरं, लिंबाएवढं), निजल्यावर आपोआप जातं की हातानं ढकलावं लागतं, लघवी-संडासला अडतं का, रक्त किंवा वास आहे का. बाई डॉक्टर हव्यात हे मागता येतं, आणि त्या नसतील तर तपासताना सिस्टर शेजारी उभी राहिली पाहिजे, हेही.

तुमच्याकडं गरोदरपणाच्या नोंदीचं तायी कार्ड असेलच. कन्नडमध्ये तायी म्हणजे आई, आपल्या बायका त्याला ताई कार्ड म्हणतात. काही बिघडत नाही, आई म्हणा की ताई म्हणा, घरच्या बाईसारखंच ते जपायचं. तपासणीत जे सापडेल ते त्या कार्डावर लिहून घ्या, आग्रहानं. तुमची कळ रात्री दोन वाजता सुरू होईल, तेव्हा ड्युटीवर कोण असेल कुणाला माहीत. कार्डावर एक ओळ असली तर अनोळखी डॉक्टरही आधीच सावध होतात. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची तज्ज्ञांकडून मोफत तपासणी असते. येत्या नऊला जा. आशाताईला सोबत घ्या, ती दोन्ही भाषा बोलते आणि रांगेत कुठं शिरायचं तेही तिला ठाऊक असतं.

तपासल्यावर डॉक्टर बहुधा रिंग सुचवतील. सिलिकॉनची मऊ गोल कडी असते, तिला पेसरी म्हणतात. मापाची निवडून आत बसवतात आणि खाली सरकणारं तिच्यावर तोललं जातं. गरोदरपणातही ती वापरतात. बसवल्यावर तिथंच चालून बघा, खाली बसून उठा, खोका, लघवी करून या. बरोबर बसली असेल तर ती आहे हेसुद्धा विसरायला होतं. टोचत असेल तर माप चुकलं, तसं सांगा, सोसू नका. ठरलेल्या वेळी काढून धुवायची, तपासून घ्यायची, आणि बाळंतपणाआधी काढायची. पोट वाढल्यावर कधी ती आपसूक निघून येते, तर कधी तिची गरजच उरत नाही. घरचे प्रयोग मात्र नकोत. कापडाची गुंडाळी, कांदा, काय काय ठेवलेलं मी बघितलंय. अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीक वैद्य अर्धं डाळिंब ठेवायचे म्हणे. तेव्हा सिलिकॉन नव्हतं.

फडक्याबद्दल: घट्ट लंगोट बांधून अंग थोपवून धरता येतं असं वाटतं, पण ओलसर कापड दिवसभर घासून चामडी सोलवटते. स्वच्छ, सुती, सैलसर चड्डी घाला. बाहेर आलेलं कोरडं पडलेलं दिसलं तर आडवं व्हा, कमरेखाली उशी घ्या, हात धुऊन हलकेच आत जाऊ द्या. जोर करू नका.

व्यायाम सांगते, तो मनापासून करा, कारण याला पैसे लागत नाहीत आणि कुणाला दिसतही नाही. चारचौघांत वायू सुटू नये म्हणून आपण खालून आवळून धरतो ना, तेच स्नायू. कुशीवर निजा, आवळा, वर खेचल्यासारखं करा, पाच मोजा, सोडा, पाच मोजा. श्वास चालू ठेवा. पोट, मांड्या, ढुंगण आवळायचं नाही. दहा वेळा झालं की एक फेरी, दिवसात तीन फेऱ्या. जमायला लागलं की पाचाचे दहा मोजा. आवळण्याइतकंच पूर्ण सोडणंही शिका, कळा देताना तेच लागतं. हे व्यायाम अमेरिकेतल्या डॉ. केगल यांनी १९४८ साली मांडले, म्हणून त्यांना केगल म्हणतात. फरक आठवड्यात दिसत नाही, तीन-चार महिने लागतात, आणि तुमच्याकडं साधारण तेवढेच आहेत. एक युक्ती तर आजच वापरा: शिंक, खोकला, उठणं, काही उचलणं, या प्रत्येकाच्या आधी एक झटका आवळून घ्यायचा. धार काढायला बसतानाही.

मलावरोध हा तुमचा दुसरा शत्रू. लोहाच्या गोळ्यांनी होतो, पण गोळ्या बंद करू नका, डॉक्टरांकडून बदलून घ्या. भिजवलेल्या काळ्या मनुका, पेरू, पालेभाजी, नाचण्याची आंबील, मोडाची उसळ. इसबगोल भरपूर पाण्यातून घेतलेलं चालतं. संडासला बसून कुंथायचं नाही, तोंडानं फुंकर घालत श्वास सोडायचा. नाही झालं तर उठायचं, पुन्हा जायचं. खोकला लांबला तर तोही अंगावर काढू नका, आणि चुलीचा धूर असेल तर गॅसवर या, निदान हे चार महिने.

इथपर्यंत जे सांगितलं ते डॉक्टर आणि तुम्ही मिळून करू शकता. पुढचं घर करणार. भरलेली बिंदगी दहा-बारा किलोच्या खाली नसते. चार दिवसांचं पाणी म्हणजे अशा किती खेपा, तुम्हीच मोजा. सकाळी रिंग बसवून आलात आणि संध्याकाळी तीस बिंदग्या वाहिल्यात तर ती रिंग काय करणार? तुमच्या दुखण्याचं अर्धं औषध नळापासून न्हाणीपर्यंतच्या त्या वाटेवर आहे. या शनिवारी नवरा चोर्ला घाटातून घरी येईल तेव्हा त्याला सांगा. हो, त्यालाच, आणि सगळं. तुम्ही लिहिलंय, "त्यांना हे सांगितलं तर काय वाटेल." त्यांना काय वाटेल ते वाटो, पाइप त्यांनी आणायचा आहे. नळापासून बॅरलपर्यंत पुरेल एवढा पाइप आणि स्वयंपाकघरात तोटीची एक टाकी, यात हे निम्मं काम भागतं. उरलेलं अर्ध्या बादलीनं, थोरल्या मुलाकडून, शेजारच्या पोराकडून. पाच वर्षांच्या धाकट्याला कडेवर घ्यायचं नाही, खाली बसून मांडीवर घ्यायचं. गवताचा भारा डोक्यावर नको. धार काढायला उकिडवं बसण्यापेक्षा बुटका स्टूल घ्या. धुणं दगडावर वाकून न करता कट्ट्यावर करा. रोप लावणीला चिखलात दिवसभर वाकून राहणं यंदा नाही म्हणजे नाही. पैरा, म्हणजे कामाच्या बदल्यात काम, असेल तर आपल्या बदली कुणीतरी जाऊ दे, पुढच्या वर्षी फेडता येतो.

याचा अर्थ खाट धरा असा मुळीच नाही. गरोदर बाईनं एक तर सगळं करावं, नाहीतर काहीच करू नये, असे दोनच टोकाचे रिवाज आपल्याकडं आहेत. चालणं, स्वयंपाक, बसून करायची कामं खुशाल करा. फक्त दुपारी जेवणानंतर अर्धा तास डाव्या कुशीवर, कमरेखाली उशी घेऊन पडायचं. तेव्हा कुणी हाक मारली तर ऐकू आलं नाही असं समजायचं.

नवऱ्याशी बोलताना दुसरंही एक बोलून घ्या, जे तुम्ही पत्रात आडून विचारलंय. जवळ येण्यानं अंग जास्त खाली येत नाही आणि बाळाला लागत नाही. रक्तस्राव किंवा वार खाली असेल आणि डॉक्टरांनी मनाई केली असेल तर गोष्ट वेगळी. दुखत असेल, नको वाटत असेल, तर नको म्हणायला डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही.

सिझरकडं येते. हा प्रश्न तुम्ही असा विचारलाय, जणू सिझर केलं की खालचं दार बंदच होणार. सिझरनं सरकलेलं अंग वर जात नाही. झालेला ताण आधीच्या दोन वेळचा आहे. नव्यानं ताण कमी बसेल हे खरं, पण त्याबदली पोटावर जखम, जास्त रक्त, आणि घरी आल्यावर दोन म्हशी तुमची वाट बघत असतात. अंग थोडं उतरलेल्या बहुतेक बायका साध्या मार्गानं बाळंत होतात आणि तिसरं बाळंतपण बरेचदा लवकर उरकतं. पिशवीचं तोंड सुजून जाड झालं असेल, जखम असेल, बाळ फार मोठं किंवा आडवं असेल, तर डॉक्टर सिझर म्हणतील आणि ते ऐकायचं. शेवटच्या महिन्यात त्यांना सरळ विचारा, "माझ्या बाबतीत काय ठरवताय आणि का?" 'का' विचारायला विसरू नका.

साध्या बाळंतपणात मात्र काही गोष्टी आधीच सांगून ठेवा. तोंड पूर्ण उघडल्याशिवाय कळा द्यायच्या नाहीत. श्वास कोंडून, तोंड लाल होईपर्यंत जोर लावायचा नाही, आतून ढकलावंसं वाटेल तेव्हाच द्यायचा. कुशीवर राहून बाळंत होता येतं का ते विचारायचं. आणि पोटावर हातानं किंवा कोपरानं दाबू द्यायचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ च्या मार्गदर्शनात हे करू नये असं स्पष्ट लिहिलंय. खरं सांगते, नोकरीच्या पहिल्या वर्षांत मीही दाबलंय. तेव्हा तसंच शिकवलं होतं आणि बाळ लवकर आलं की सगळे खूश व्हायचे. त्यातल्या किती जणी आज तुमच्यासारखं पत्र लिहू शकतील, हा विचार रात्री येतो कधीकधी.

बाळंतपण कुठं, हे सातव्या महिन्यात ठरवा. माहेर कोल्हापूरकडं आहे आणि तिकडं मराठी बोलतात म्हणून शंभरावर किलोमीटर जायचं, हे तिसऱ्या खेपेला मला पटत नाही. कळा सुरू होऊन दोन-तीन तासांत बाळ हातात, असं तिसऱ्या वेळी सहज होतं. जिथं रक्त आणि ऑपरेशनची सोय आहे असं जवळचं ठिकाण बघा. खानापुरापासून बेळगाव पंचवीसेक किलोमीटर, पण तुमचं गाव जांबोटीच्या बाजूला रानात असेल तर पावसाळ्यात तो हिशोब वेगळा. तारखेआधी आठवडाभर बेळगावात कुणा नातेवाइकांकडं येऊन राहता आलं तर उत्तम. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, नेणं-आणणं मोफत असतं, आणि १०८ कुठूनही लागतो.

यातलं काही झालं तर नऊ तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी निघा: लघवी तुंबली आणि चार-पाच तास होईना; अंगावरून रक्त किंवा पाणी गेलं; दिवस भरायच्या आधी ठरावीक अंतरानं पोट कडक होऊ लागलं; बाहेर आलेलं आत जाईना, काळंनिळं पडलं, दुखू लागलं; ताप, जळजळ, घाण वास; बाळाची हालचाल मंदावली.

राहिली पिशवी काढण्याची गोष्ट. बाळंतपणातच ती काढत नाहीत. त्या वेळी पिशवीला रक्ताचा पुरवठा इतका असतो की जीव वाचवायची वेळ आली तरच डॉक्टर तिथं हात घालतात. आपल्याकडं 'ऑपरेशन' म्हटलं की नळ्या बांधणं आणि पिशवी काढणं यांची गल्लत होते. नळ्या बांधायच्या असतील तर ते वेगळं आणि छोटं काम आहे. नवऱ्याची नसबंदी तर त्याहून छोटी, पण तो विषय निघाला की पुरुषमंडळींना अचानक शेतातली कामं आठवतात. बाळंतपणानंतर दीड महिन्यानं तपासून घ्या. पोटपट्टा घट्ट आवळू नका, त्यानं दाब खालीच जातो. व्यायाम पुन्हा सुरू करा, सहा महिने तरी द्या. झोळी बरीचशी सावरते. अंगावर पाजत असताना खालची त्वचा कोरडी आणि सैल वाटते, तेवढ्यावरून घाईनं निर्णय घेऊ नका.

त्यानंतरही त्रास राहिला तरी पिशवी काढणं हा एकच रस्ता नाही. दोष पिशवीचा नाही, तिला धरून ठेवणाऱ्या बंधांचा आहे. पिशवी काढली आणि बंध तसेच सोडले तर पुढं तिथून दुसरं काहीतरी खाली येतं. पिशवी जागेवर ठेवून तिला पट्टीनं वर बांधायच्या शस्त्रक्रियांमध्ये आपल्याच मुंबईच्या डॉक्टरांचं मोठं काम आहे. टाकेवाले शिरोडकर, आणि डॉ. पुरंदरे, दोघांच्या नावानं त्या ओळखल्या जातात. बीडकडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या तिशीतच काढल्याचं २०१९ मध्ये बाहेर आलं आणि सरकारला समिती नेमावी लागली, हे विसरू नका. तुम्हाला कुणी पहिल्याच भेटीत "काढून टाकू" म्हणालं तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा.

आणि आत्याबाई, तुमच्या सासूबाई. त्यांचं बोलणं तुम्हाला लागलंय, ते दिसतं. मी ते वाक्य दोनदा वाचलं. "आमाला बी हाय की" म्हणाल्या ना त्या? पहिल्यांदा मलाही तो टोमणा वाटला. पण त्यांना आहे म्हणजे किती वर्षं असेल हो? तीस? कुणाला कधी बोलल्या असतील का, की तुम्ही विचारलंत म्हणून पहिल्यांदाच तोंडातून निघालं? पाळी गेलेल्या बाईलाही रिंग बसते, मलम असतं, आणि लागलंच तर ऑपरेशनही होतं. नऊ तारखेची तपासणी गरोदर बायकांची असते, पण शेजारी स्त्रीरोगाची ओपीडी कुणालाही खुली. तुम्ही जाल तेव्हा सोबतीला म्हणून त्यांना घेऊन जा, आधी काही बोलू नका, नाहीतर म्हशींचं कारण सांगून त्या घरीच राहतील. खिडकीवर पोचलात की केसपेपर दोन काढा.